बूच

कागदावर एवढंच होतं : यजमान इगाराशी, माणसं तीन,
मांजर नाही, मुक्काम एक दिवस.
कामिनोयामा स्टेशनवर तिघंही उभी,
माझ्या नावाचा पुठ्ठा धरून,
देवनागरीत.
शिओरिनं, वय वर्षं दहा, आधी पट्टीनं शिरोरेघ मारली होती
आणि मग एकेक अक्षर तिला टांगलं होतं
चिमट्यानं वाळत घातल्यासारखं.
वैजयंतीच्या दोन मात्रा तेवढ्या
रेघेखाली पडल्या होत्या.

मागच्या कट्ट्यावर फुसाए-साननी माझ्या हातात
एक कडक नारिंगी फळ ठेवलं
आणि म्हणाल्या, "काकी."
मी वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

फोनला सांगितलं, आमच्यात काकी म्हणजे
वडिलांच्या भावाची बायको.
फोन बराच वेळ जपानीत बोलला.
तिघांनी फळाकडे पाहिलं.
तोकुजी-साननी ते उलटं करून देठ तपासला
आणि गंभीरपणे मान हलवली.

मग सोलत बसलो.
ही जात तुरट, कच्ची चाखली तर जिभेची लोकर होते.
सोलायची, उकळत्या पाण्यातून काढायची,
देठाला सुतळी बांधून वळचणीला सोडायची.
महिन्याभरात आतली साखर आपण होऊन बाहेर येते,
पांढरी, पिठासारखी. घाई चालत नाही.
संध्याकाळपर्यंत माझी साठ झाली,
त्यांची मोजायचं मी सोडून दिलं.
मध्ये अळकुड्यांचं कालवण, वाफाळतं,
वाडगं तोंडाला लावून प्यायचं.

रात्री टब भरला. पाहुण्यांनी आधी.
मी बाहेर बसून साबण लावला, धुतला,
सगळं शिकवल्याप्रमाणे,
मग हनुवटीपर्यंत पाण्यात.
आणि निघताना, आईनं वाढवलेली मुलगी मी,
आपलं उष्टं पाणी दुसऱ्याला कसं ठेवायचं,
म्हणून मनापासून
बूच ओढलं.

दार उघडलं तर
तिघं ओळीनं, खांद्यावर टॉवेल,
आणि माझ्यामागे ते पाणी
घशात अडकल्यासारखा आवाज करत
जात होतं, जात होतं.

मला वाटलं जमीन फाटावी, पण तिथं तातामी होती.
शिओरिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.
तोकुजी-सान फोनवर वाकले, हळू काही बोलले,
आणि फोन बाईच्या आवाजात मराठीत म्हणाला :
"पाण्याला घाई होती."

नऊ वाजता सगळे गाडीत, गावातल्या सार्वजनिक न्हाणीघराकडे.
पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे,
मध्ये छताला न टेकणारी भिंत.
फोन कप्प्यात कुलूपबंद.
फुसाए-सान सहज कपडे उतरवून मोकळ्या,
मी हातभर रुमालात काय काय झाकू या विचारात.
त्यांनी मला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं
आणि पाठ घासायला घेतली,
दिवसभर चारशे फळं सोलणाऱ्या हातानं
जितकी घासता येते तितकी.
मग माझ्या हातात कापड देऊन पाठ फिरवली.

डाव्या खांद्याखाली एक लांब जुना व्रण होता.
विचारायला शब्द नव्हते.
दुखेल का, इथं चालेल का, एवढंसुद्धा नाही.
माझ्याकडे त्यांच्या भाषेतला एकच शब्द होता,
तोही माझ्याच भाषेतला.
मी म्हटलं, "काकी?"
त्याच क्षणी भिंतीपलीकडून तोकुजी-साननी हाक मारली,
निघायचं का, असं काहीतरी.
"हाय," त्या म्हणाल्या.

कुणाला, ते कळलं नाही.
मी व्रण सोडून बाजूनं घासत राहिले.

परतीच्या वाटेवर शिओरि माझ्या दंडावर झोपली.
रात्री अंथरुणात मी बोटं दिव्यापुढे धरून पाहिली.
नखांत सालींचा तो तपकिरी डाग
दोनदा न्हाऊनही तसाच होता.